मोजायचे काय : शस्त्रक्रिया की दृष्टी?



दिवाळी सरून हवेत गारवा आला की गावोगावी नेत्रशिबिरांचे फलक दिसू लागतात. 'मोफत नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर' ही ठळक अक्षरे, खाली दात्यांची नावे, कुणाच्या पुण्यस्मरणार्थ तर कुणाच्या अमृतमहोत्सवानिमित्त, अशी त्यांची ठरलेली मांडणी असते. अशा शिबिराला पैशाने, धान्याने वा श्रमाने कधीच हातभार लावला नाही, असे घर आपल्या वाचकांत विरळाच सापडेल. शिबिर पार पडले की अहवाल येतो. तपासणी इतक्यांची, शस्त्रक्रिया इतक्या, चष्मेवाटप इतके, भोजनाचा लाभ इतक्यांनी घेतला. आकडे मोठे असले की दाते समाधानी होतात आणि पुढील वर्षी आणखी मोठा आकडा गाठण्याचा संकल्प सुटतो.

या अहवालात एक रकाना बहुधा नसतो. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दीड-दोन महिन्यांनी किती जणांना स्पष्ट दिसू लागले, याची नोंद त्यात सापडत नाही.

हा रकाना केवळ आपल्या गावच्या न्यासांच्या अहवालातूनच निसटला आहे असे नाही. अनेक दशके शासनाच्या आणि थेट आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अहवालांतही तो नव्हता. तो कसा निर्माण झाला, कोणी आग्रहाने मागितला आणि त्यामुळे काय बदलले, ही भारतातील मोतीबिंदूविरोधी प्रयत्नांची कहाणी आहे. सार्वजनिक आरोग्यात स्वयंसेवी व आंतरराष्ट्रीय संस्थांचे नेमके कार्य कोणते, या प्रश्नाचा विचार या महिन्याच्या सदरात त्या कहाणीच्या आधारे करू. दान देणाऱ्या प्रत्येकाचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे.

शिबिरांचे युग

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत नेत्रशल्यचिकित्सक जवळपास सर्व शहरांत होते आणि मोतीबिंदूने आंधळी झालेली माणसे बहुतांशी खेड्यांत होती. या अंतरावर शिबिर हाच उपाय होता. डॉक्टर गावात यायचे, शाळेच्या वा धर्मशाळेच्या खोलीत टेबले मांडली जायची आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्ण डोळ्यांवर पट्ट्या बांधून ओळीने सतरंज्यांवर निजवले जायचे. त्यांच्या भोजनाची व औषधांची व्यवस्था गावातील दाते करीत. कर्नाटकातील डॉ. एम. सी. मोदी यांच्यासारख्या शल्यविशारदांनी या पद्धतीने आयुष्यभरात लाखो शस्त्रक्रिया केल्या. एका दिवसात शेकडो डोळे तपासून शस्त्रक्रिया करण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध होती. त्या पिढीची सेवावृत्ती आणि तिच्यामागे उभ्या राहिलेल्या दात्यांचे औदार्य यांविषयी मनात आदरच असला पाहिजे.

मात्र त्या काळच्या शस्त्रक्रियेची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. गढूळ झालेले नैसर्गिक भिंग पूर्ण काढून टाकले जाई आणि त्याच्या जागी काहीच बसवले जात नसे. रुग्णाला अतिशय जाड भिंगाचा चष्मा मिळे. त्यातून वस्तू मोठ्या आणि जवळ आल्यासारख्या दिसत, बाजूचे दिसत नसे आणि पायरी उतरताना तोल जाई. पुढे तो चष्मा फुटला किंवा हरवला तर माणूस व्यवहारात पुन्हा आंधळाच होई. 'मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू' हा सल्लाही त्याच काळातला. त्या पद्धतीत तो योग्य होता. आज त्याची आवश्यकता उरलेली नाही, तरी घराघरांत तो अजून ऐकू येतो आणि त्यापायी वृद्ध माणसे निष्कारण दोन-दोन वर्षे अंधुक जगात काढतात.

शिबिराच्या शेवटी डॉक्टर आपल्या गावी परतत. नंतर कुणाच्या डोळ्यात पू झाला, कुणाचा टाका सुटला, कुणाला चष्म्याचा नंबर जुळला नाही, याची नोंद ठेवणारे तेथे कोणी नसे. त्यामुळे यश मोजण्याचे एकच साधन हाती राहिले, ते म्हणजे शस्त्रक्रियांची संख्या.

शासन आणि परदेशी साहाय्य

१९७६ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. अंधत्व हा केवळ दयेचा नव्हे तर शासकीय जबाबदारीचा विषय आहे, हे त्यामुळे प्रथमच अधिकृतपणे मान्य झाले. त्याच्या आगेमागे आंतरराष्ट्रीय पातळीवरही हालचाल सुरू होती. शालेय प्रयोगशाळेतील अपघातात बालपणी दृष्टी गमावलेल्या जॉन विल्सन यांनी १९५० साली ब्रिटनमध्ये स्थापन केलेली संस्था, जी आज 'साइटसेव्हर्स' या नावाने ओळखली जाते, १९६० च्या दशकापासून भारतात काम करीत होती. १९७५ साली विल्सन यांच्याच नेतृत्वाखाली अंधत्व प्रतिबंधासाठी जागतिक पातळीवरची एक संघटना उभी राहिली. देवी निर्मूलनाच्या मोहिमेत भारतात काम केलेल्या काही परदेशी डॉक्टरांनी १९७८ साली अमेरिकेत 'सेवा फाउंडेशन' स्थापन केले आणि अंधत्व निवारण हे आपले मुख्य कार्य ठरवले. डेन्मार्क सरकारच्या मदतसंस्थेने राष्ट्रीय कार्यक्रमाला दीर्घकाळ साहाय्य दिले.

१९८६ ते १९८९ या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने देशव्यापी पाहणी झाली. लोकसंख्येच्या १.४९ टक्के लोक अंध आहेत आणि त्यांतील शंभरांपैकी सुमारे ऐंशी जणांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू आहे, असे तीत आढळले. म्हणजे बहुसंख्य अंध व्यक्तींचे अंधत्व एका छोट्या शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगे होते. हा आकडा हाती येईपर्यंत प्रत्येकाला आपापल्या शिबिरापुरतेच दिसत होते. समग्र चित्र समोर ठेवणे हे आंतरराष्ट्रीय संस्थेचे पहिले उपयुक्त काम म्हणावे लागेल. पैशाची गोष्ट त्यानंतर येते.

डेन्मार्कच्या साहाय्यातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न झाली. निवडक जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर 'जिल्हा अंधत्व नियंत्रण सोसायटी' स्थापन करण्यात आली. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष आणि शासकीय रुग्णालये, स्वयंसेवी संस्था व खासगी डॉक्टर हे सारे एकाच टेबलाभोवती. कोणत्या तालुक्यात कोण शिबिर घेणार आणि कुठे कोणीच जात नाही, याचा विचार एकत्र होऊ लागला. ही व्यवस्था पुढे देशभर पसरली. परदेशी प्रकल्प संपल्यावर गाड्या आणि यंत्रे बहुधा धूळ खात पडतात. ही पद्धत मात्र आपल्या प्रशासनाची झाली आणि म्हणूनच टिकली.

भिंग दानात घ्यावे की घडवावे?

शस्त्रक्रियेचे स्वरूप बदलले ते कृत्रिम भिंगामुळे. महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे कण घुसत आणि तरीही डोळा त्यांना सहन करतो, हे हॅरोल्ड रिडले या नेत्रतज्ज्ञाच्या ध्यानात आले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये त्यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. हे तंत्र पाश्चात्त्य देशांत रुळायला तीन दशके गेली. भारतातील गरिबांपर्यंत मात्र ते पोहोचत नव्हते, कारण १९८० च्या दशकात आयात केलेल्या एका भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती. गरीब देशांसाठी ही चैन आहे, त्यांनी जाड चष्म्यावरच भागवावे, असे म्हणणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचीही त्या वेळी वाण नव्हती.

ज्या डॉक्टरांना हे मान्य नव्हते त्यांत मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी अग्रणी होते. शासकीय सेवेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर १९७६ साली त्यांनी भाड्याच्या घरात अकरा खाटांचे 'अरविंद' नेत्ररुग्णालय सुरू केले होते. संधिवाताने त्यांची बोटे तरुणपणीच वाकडी झाली होती. त्याच बोटांनी त्यांनी आयुष्यभर शस्त्रक्रिया केल्या. अमेरिकी कंपन्यांकडून दान म्हणून आलेली भिंगे त्यांच्या रुग्णालयात गरिबांना बसवली जात. परंतु दानाच्या भिंगांची संख्या अपुरी होती. कधी कोणत्या क्रमांकाची भिंगे येतील याचाही भरवसा नव्हता. दात्याच्या सोयीवर रुग्णाची दृष्टी अवलंबून राहत होती.

येथे सेवा फाउंडेशन आणि तिच्यासारख्या काही परदेशी संस्थांनी वेगळी वाट धरली. आणखी भिंगे पाठवण्याऐवजी भिंग घडवण्याचे तंत्रज्ञान मिळवून देणे आणि प्रारंभीचे भांडवल उभे करणे यासाठी त्यांनी हात दिला. १९९२ साली मदुराईत 'अरोलॅब' हा कारखाना उभा राहिला. शंभर डॉलरचे भिंग दहा डॉलरच्या आसपास मिळू लागले आणि पुढे किंमत आणखी उतरली. आज तेथील भिंगे शंभरांहून अधिक देशांत जातात. हा कारखाना स्वतःच्या मिळकतीवर चालतो. त्याला कोणाच्याही वार्षिक देणगीची प्रतीक्षा करावी लागत नाही.

परक्या मदतीची कसोटी म्हणून हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. मदत देणारा निघून गेल्यावर मागे राहणाऱ्याला तेच काम स्वतः करता येते का, हे पाहावे. येत असेल तर ती मदत सार्थकी लागली. येत नसेल तर देणाराही अडकतो आणि घेणाराही.

प्रकल्प आला, संख्या वाढली

१९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून मोतीबिंदू नियंत्रणाचा मोठा प्रकल्प सात राज्यांत राबवला गेला. त्यांत महाराष्ट्रही होता. १ कोटी १० लाख शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट होते आणि प्रत्यक्षातील संख्या त्यापुढे गेली. जिल्हा रुग्णालयांत शस्त्रक्रियागृहे सुसज्ज झाली, सूक्ष्मदर्शक आले आणि शासकीय शल्यचिकित्सकांना कृत्रिम भिंग बसवण्याचे प्रशिक्षण मिळाले. हे प्रशिक्षण वैद्यकीय महाविद्यालयांबरोबरच 'अरविंद'सारख्या स्वयंसेवी रुग्णालयांतही झाले. स्वयंसेवी संस्थेने कमावलेले कौशल्य शासनाने विद्यार्थी होऊन घ्यावे, हा प्रसंग आपल्याकडे वारंवार घडत नाही. प्रकल्पाच्या आरंभी कृत्रिम भिंग बसवलेल्या शस्त्रक्रिया शंभरात पाचही नव्हत्या. आज हे प्रमाण शंभरात नव्वदाहून अधिक आहे आणि देशात दरवर्षी लाखो शस्त्रक्रिया होतात. प्रकल्प संपल्यावरही कार्यक्रम थांबला नाही, कारण तोवर त्याचा भार शासनाने आपल्या अंदाजपत्रकात घेतला होता.

या कामगिरीला दुसरी बाजूही होती. उद्दिष्ट संख्येत बांधले की यंत्रणा संख्येच्या मागे धावते. स्वयंसेवी संस्थांना प्रत्येक शस्त्रक्रियेमागे ठराविक अनुदान मिळते. ते शस्त्रक्रिया झाल्याबद्दल असते. रुग्णाला किती दिसू लागले, यावर ते फारसे अवलंबून नसते. १९९० च्या दशकात देशाच्या निरनिराळ्या भागांत घरोघरी जाऊन तपासण्या झाल्या तेव्हा अप्रिय सत्य समोर आले. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांपैकी लक्षणीय भाग अजूनही अंधत्वाच्या व्याख्येतच बसत होता. कुणाकडे चष्मा नव्हता, कुणाच्या डोळ्यात गुंतागुंत झाली होती, तर कुणाला मोतीबिंदूखेरीज काचबिंदू होता आणि तो आधी कुणी पाहिलाच नव्हता. अहवालांत मात्र ही सारी माणसे यशस्वी शस्त्रक्रियांच्या संख्येत सामावलेली होती.

निष्काळजी शिबिरांची किंमत कधी कधी एका रात्रीत चुकवावी लागते. २०१४ साली पंजाबात आणि २०२१ साली बिहारमधील मुजफ्फरपूर येथे शिबिरातील शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्ग होऊन अनेकांची दृष्टी कायमची गेली. काहींचे तर डोळेच काढावे लागले. ही माणसे अंधुक दिसते म्हणून गेली होती. 'मोफत' या शब्दावर विश्वास ठेवून गेली होती.

न आलेले त्र्याण्णव जण

शिबिराच्या गर्दीकडे पाहिल्यावर सारे गाव लोटले आहे असे वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. दक्षिण भारतातील खेड्यांत झालेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. गावाजवळ मोफत शिबिर भरूनही ज्यांना नेत्रोपचारांची गरज होती अशा शंभर प्रौढांपैकी साताच्या आसपासच तेथे गेले होते. उरलेल्या त्र्याण्णव जणांनी सांगितलेली कारणे आपल्या ओळखीचीच आहेत. भीती वाटते, बरोबर यायला कोणी नाही, रोजगार बुडेल, घरचे करायचे कोणी, आता या वयात काय करायचे आहे पाहून.

यांत स्त्रियांची संख्या विशेष मोठी असते. अंध व्यक्तींत स्त्रिया अधिक आणि शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचणाऱ्यांत त्यांचे प्रमाण गरजेच्या मानाने कमी, ही विषमता जगभरच्या अनेक पाहण्यांत आढळली आहे. आजोबांना वर्तमानपत्र दिसेना की घरात लगेच चर्चा होते. आजी चाचपडत दूध उतू जाऊ देते, तेव्हा 'वयच झाले आता' एवढ्यावर विषय संपतो. मोफत उपचार उपलब्ध असणे आणि ते तिच्यापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे ओळखून काही संस्थांनी आपली पद्धत मुळापासून बदलली. गावात फक्त तपासणी करायची आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला बसने कायमस्वरूपी रुग्णालयात नेऊन, दोन दिवस जेवूखाऊ घालून परत आणून सोडायचे, ही पहिली सुधारणा. दुसरी त्याहून दूरगामी होती. २००४ च्या सुमारास 'अरविंद'ने गावांच्या परिसरात वर्षभर चालणारी छोटी दृष्टिकेंद्रे उघडण्यास सुरुवात केली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनेही याच दिशेने काम केले. अशा केंद्रात डॉक्टर नसतो. प्रशिक्षण घेतलेली, बहुधा त्याच भागातील, एखादी तरुणी डोळे तपासते, चष्म्याचा नंबर काढते आणि दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावरून सल्लामसलत करून कोणाला पुढे पाठवायचे ते ठरवते. शिबिर वर्षातून एक दिवस येते, केंद्र रोज उघडे असते. आजीला सोबत मिळायला महिना लागला तरी ते तेथेच असते.

आपल्या पुण्याचेही एक योगदान येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. महागड्या यंत्राने मोतीबिंदू विरघळवून काढण्याची पद्धत आणि छोट्या छेदातून, टाक्याविना, हाताने काढण्याची स्वस्त पद्धत यांपैकी गरिबांसाठी कोणती योग्य, हा वाद देशभर होता. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात चारशे रुग्णांवर दोन्ही पद्धतींची शास्त्रशुद्ध तुलना करण्यात आली आणि २००५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चष्म्याशिवायच्या दृष्टीत यंत्राची पद्धत काहीशी पुढे होती. सहा आठवड्यांनी योग्य चष्म्यासह पाहिले तर दोन्ही गटांत शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव जणांना चांगले दिसत होते. स्वस्त म्हणजे हलक्या प्रतीचे, हा समज एका धर्मादाय रुग्णालयाने पुराव्यानिशी खोडून काढला. स्वयंसेवी संस्था सेवेबरोबरच ज्ञानही निर्माण करू शकते, याचा हा दाखला आहे.

मोजपट्टी बदलते तेव्हा

जागतिक आरोग्य संघटनेने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी एक साधा निकष घालून दिला. शस्त्रक्रियेनंतर, रुग्णाजवळ असलेल्या चष्म्यासह, शंभरांपैकी किमान ऐंशी जणांची दृष्टी ६/१८ किंवा त्याहून चांगली असावी आणि ६/६० पेक्षा कमी दिसणारे पाचांहून अधिक नसावेत. निरोगी डोळा साठ मीटरवरून जे अक्षर ओळखतो ते सहा मीटरवरूनच ओळखता येणे, असा ६/६० चा अर्थ आहे. निकष छापील स्वरूपात आला, तेव्हा एखाद्या गावच्या विश्वस्तालाही डॉक्टरांना विचारता येईल असा प्रश्न हाती आला.

मोजमापाबाबत सावध असावे लागते, हेही याच विषयात शिकायला मिळते. २००६-०७ च्या पाहणीत देशातील अंधत्वाचे प्रमाण १ टक्का होते, तर २०१५ ते २०१९ च्या पाहणीत ते ०.३६ टक्के आढळले. घट खरी आहे आणि आनंदाची आहे. परंतु दरम्यान, २०१७ साली, आपण अंधत्वाची व्याख्याही बदलली. पूर्वी ६/६० पेक्षा कमी दृष्टी म्हणजे अंधत्व मानले जाई. आता जागतिक व्याख्येनुसार ३/६० पेक्षा कमी दृष्टी असेल तरच ते अंधत्व. त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून सगळी घट उपचारांच्या खात्यावर जमा करणे बरोबर होणार नाही.

त्याच पाहणीतील आणखी दोन आकडे अधिक बोलके आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या अंध व्यक्तींपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांच्या अंधत्वाचे कारण आजही मोतीबिंदूच आहे. आणि शंभरांपैकी सुमारे सात जणांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंत हे आहे. म्हणजे उपचार पोहोचला नाही म्हणून अंध राहिलेले आहेत, तसेच उपचार नीट झाला नाही म्हणून अंध झालेलेही आहेत. पहिल्यांसाठी अधिक शस्त्रक्रिया हव्यात. दुसऱ्यांसाठी अधिक काळजी हवी.

२०२१ साली जागतिक आरोग्य सभेने या दोन्ही गोष्टी एकाच मापात बांधल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची गरज असलेल्यांपैकी किती जणांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांना चांगले दिसू लागले, एवढेच यापुढे मोजायचे. शस्त्रक्रिया झाली पण दृष्टी आली नाही, तर ती या हिशेबात धरली जाणार नाही. २०३० पर्यंत हे प्रमाण ३० टक्केबिंदूंनी वाढवण्याचे उद्दिष्ट सदस्य राष्ट्रांनी स्वीकारले आहे. जिनिव्हात संमत झालेल्या ठरावाने खेड्यातील आजीला लगेच दिसू लागत नाही, हे खरे. पण काय मोजायचे हे ठरले की कशासाठी खटपट करायची हेही हळूहळू ठरत जाते, आणि असे माप सर्व राष्ट्रांसाठी ठरवणे जागतिक संस्थेखेरीज कुणाला शक्य नाही.

दात्याने काय विचारावे?

एवढ्या प्रवासातून तिघांच्या कामाची वाटणी स्पष्ट होते. स्वयंसेवी संस्था रुग्णाच्या उंबरठ्यापर्यंत जाते आणि नवी पद्धत लहान प्रमाणात सिद्ध करून दाखवते. आंतरराष्ट्रीय संस्था ज्ञान, निकष आणि प्रारंभीचा आधार देते. सिद्ध झालेली पद्धत सर्व जिल्ह्यांत नेणे, तिच्या दर्जावर देखरेख ठेवणे आणि चूक झाल्यास उत्तर देणे हे शासनाचे काम आहे. शासनाने आपली जबाबदारी दात्यांवर ढकलली किंवा परदेशी संस्थेने येथील प्राधान्यक्रम आपणच ठरवायचा हट्ट धरला, तर घडी विस्कटते.

मग आपल्यासारख्या दात्यांचे काम कोणते? धनादेश देण्यापूर्वी काही प्रश्न विचारणे. शस्त्रक्रिया कोठे होणार, कायमस्वरूपी शस्त्रक्रियागृहात की तात्पुरत्या जागेत? आधी रक्तातील साखर, रक्तदाब आणि काचबिंदू यांची तपासणी होणार का? दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि सहा आठवड्यांनी रुग्णाला कोण पाहणार, आणि डोळा लाल झाला तर त्याने रात्री कोणाला दूरध्वनी करायचा? अखेरचा चष्मा दिला जाणार का? सहा आठवड्यांनंतरची दृष्टी नोंदवून तिचा गोषवारा आपल्याला मिळणार का? चांगले काम करणारी संस्था या प्रश्नांनी रागावत नाही. तिच्याकडे उत्तरे तयार असतात.

शक्य असेल तर आणखी एका पर्यायाचा विचार करावा. एका दिवसाच्या शिबिरात मंडप, फलक, सत्कार आणि भोजनावळी यांवर होणारा खर्च जवळच्या धर्मादाय नेत्ररुग्णालयाच्या हवाली केला, तर त्यातून एखाद्या गावातील मुलीच्या नेत्रसाहाय्यक प्रशिक्षणाचा भार उचलता येईल, किंवा दृष्टिकेंद्राचे भाडे भरता येईल. तेथे उद्घाटनाचे छायाचित्र एकदाच निघेल. परंतु त्या मुलीसमोर पुढील अनेक वर्षे रोज कुणी ना कुणी डोळे तपासून घ्यायला बसलेले असेल.

आणि ज्यासाठी एक पैसाही लागत नाही असे एक काम आहे. आपल्या घरात, दुकानात, शेतावर राबणाऱ्या माणसांच्या आई-वडिलांची विचारपूस करावी. कुणाला अंधुक दिसते, कुणाला 'पिकू द्या' म्हणून थांबवले आहे, कुणाला सोबत नाही म्हणून राहून गेले आहे, ते शोधावे. अशा एखाद्या आजीचा हात धरून तिला रुग्णालयात न्यावे, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तिच्या घरी जाऊन विचारावे की, आजी, आता सुईत दोरा ओवता येतो का?